बंध तसे गुण

गुलमंडी ही छत्रपती संभाजीनगरची जुनी मुख्य बाजारपेठ. सुपारी हनुमानाचे मंदिर खुणेला धरले, तर सराफा, कासारी बाजार, रंगारगल्ली, मछली खडक, सिटी चौक हे सगळे पायी फिरण्याच्या टप्प्यात येते. पदार्थांचे गुण कशावर ठरतात, हा रसायनशास्त्रातला मूलभूत प्रश्न समजून घ्यायला यापेक्षा सोयीची जागा शोधून सापडणार नाही. मिठाचा खडा ठोकला की त्याचा चुरा होतो. चांदी ठोकली की पसरते. कापूर उघडा ठेवला की आपोआप उडून जातो. साखर वर्षभर डब्यात जशीच्या तशी राहते. एका कापडाचा रंग पहिल्याच धुण्यात बादलीत उतरतो, तर दुसऱ्याचा कापड विरले तरी सुटत नाही. हे सगळे पदार्थ एकाच बाजारात, एकाच हवेत असतात. मग त्यांच्या वागण्यात एवढा फरक का?

‘ते वेगवेगळ्या मूलद्रव्यांचे बनले आहेत म्हणून’ हे उत्तर पटकन सुचते, पण ते पुरेसे नाही. सोडियम हा सुरीने कापता येईल इतका मऊ धातू. पाण्यात टाकला की पेट घेतो. क्लोरीन हा पिवळसर हिरवा विषारी वायू. पहिल्या महायुद्धात १९१५ साली तो शस्त्र म्हणून वापरला गेला. हे दोघे एकत्र आले की आपण रोज भाजीत घालतो ते मीठ होते. उलट, हिरा आणि पेन्सिलीतले ग्राफाइट दोन्ही निव्वळ कार्बनचे, तरी एकाने काच कापता येते आणि दुसरे कागदावर झिजत जाते. म्हणजे अणू कोणते एवढे पाहून भागत नाही. ते एकमेकांना कशाने आणि कोणत्या रचनेत धरून आहेत, हे पाहावे लागते. या धरण्यालाच रासायनिक बंध म्हणतात.

बंधांचे आजचे चित्र उभे राहायला विसाव्या शतकाची पहिली चार दशके लागली. १९१६ साली जर्मनीत वाल्थर कोसेल यांनी इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीतून होणारा बंध मांडला आणि त्याच वर्षी अमेरिकेत गिल्बर्ट लुईस यांनी इलेक्ट्रॉनच्या जोडीच्या भागीदारीतून होणारा. १९२७ मध्ये हाइटलर आणि लंडन यांनी हायड्रोजनच्या रेणूतला बंध पुंजयांत्रिकीच्या गणिताने समजावला. १९३९ मध्ये लायनस पॉलिंग यांचा या विषयावरचा प्रसिद्ध ग्रंथ आला. पुढे १९५४ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या सगळ्या सिद्धान्तांचा पुरावा मात्र आपल्याला किराणा दुकानापासूनच मिळू लागतो.

मिठाचा खडा

साधे मीठ काळ्या कागदावर सांडून भिंगाखाली पाहा. बहुतेक कण लहान लहान घन दिसतात: चौकोनी बाजू, काटकोनातले कोपरे. हा आकार कारखान्यातल्या साच्याने दिलेला नाही, तो आतल्या रचनेतून बाहेर आला आहे.

सोडियमच्या अणूत सर्वांत बाहेर एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो त्याच्याकडे सैलसर बांधलेला असतो. क्लोरीनला बाहेरचे कवच पूर्ण व्हायला एकच इलेक्ट्रॉन कमी पडतो. सोडियमचा इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे गेला की एक धनप्रभारित आयन होतो, दुसरा ऋणप्रभारित. विरुद्ध प्रभारांच्या ओढीने जो बंध तयार होतो तो आयनिक बंध. १९१३ मध्ये विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्यांचा मुलगा लॉरेन्स यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाची आतली रचना उलगडली. तोवर मिठाचे स्वतंत्र रेणू असतील अशी समजूत होती. प्रत्यक्षात तिथे सोडियम आणि क्लोरीनची जोडी अशी नव्हतीच. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, असा वर-खाली, डावी-उजवीकडे, पुढे-मागे सलग पसरलेला जाळीदार ठोकळा होता. या कामासाठी १९१५ चे नोबेल पिता-पुत्रांना मिळाले तेव्हा लॉरेन्स २५ वर्षांचे होते.

मिठाचे सारे गुण या रचनेतून निघतात. प्रत्येक आयन चहूबाजूंनी जखडलेला, म्हणून ते वितळवायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. नुसता सोडियम ९८ अंशांनाच वितळतो. खड्यावर हातोडी पडली की आयनांचा एक थर किंचित सरकतो आणि धनासमोर धन, ऋणासमोर ऋण येते. क्षणापूर्वी धरून ठेवणारे बल आता ढकलू लागते आणि खडा सरळ रेषेत फुटतो. कोरड्या मिठात आयन जागचे हलत नाहीत, म्हणून त्यातून वीज वाहत नाही. पाण्यात विरघळले की ते मोकळे होतात आणि वीज वाहू लागते.

सराफ्यातली चांदी

मिठाला फोडणारी हातोडी चांदीला पसरवते. कारागिराचे हात पाहिले तर हा फरक नीट कळतो. मुशीत चांदी ९६२ अंशांना वितळते. तिची कांडी ओतून, ठोकून, मग जंत्रातून, म्हणजे क्रमाने बारीक होत जाणाऱ्या छिद्रांच्या पोलादी पट्टीतून, ओढली जाते. प्रत्येक छिद्रागणिक तार बारीक आणि लांब होते, पण तुटत नाही.

धातूत प्रत्येक अणू आपला बाहेरचा इलेक्ट्रॉन सगळ्यांसाठी मोकळा सोडतो. हे इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे राहत नाहीत. संपूर्ण तुकडाभर फिरतात आणि सर्व धनप्रभारित केंद्रांना एकत्र बांधून ठेवतात. हा धात्विक बंध. त्याला ठरावीक दिशा नसते. अणूंचा एक थर दुसऱ्यावरून सरकला तरी मोकळे इलेक्ट्रॉन तिथेही आहेतच, त्यामुळे बंध तुटत नाही. वर्धनीयता आणि तन्यता हे गुण यातूनच येतात. याच मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे धातू चकाकतो, उष्णता झटकन पोचवतो आणि वीज वाहून नेतो. वीज वाहून नेण्यात चांदी सर्व धातूंत पहिली.

पण चार-सहा छिद्रांतून गेल्यावर तार ताठर होते. आणखी ओढली तर तुटेल, हे कारागिराच्या बोटांना कळते. तो ती भट्टीवर धरून तापवतो, गार होऊ देतो; तार पुन्हा मऊ पडते आणि काम पुढे सरकते. या अनुभवाचा खुलासा १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी स्वतंत्रपणे केला. धातूचा अख्खा थर एका दमात सरकत नसतो. स्फटिकाच्या मांडणीत बारीक दोषरेषा असतात आणि त्या रेषा पुढे सरकत गेल्या की थर सरकतो. ओढताना या रेषा वाढतात, एकमेकींत अडकतात आणि धातू ताठरतो. ताव दिला की अणूंना हलायला ऊर्जा मिळते, नव्याने मांडणी होते, गुंता सुटतो.

दागिन्यावरच्या ‘९१६’ या आकड्यातही हाच नियम आहे. हजार भागांत ९१६ भाग सोने, म्हणजे २२ कॅरेट. उरलेल्या भागात बहुधा तांबे आणि चांदी. निव्वळ सोन्यात थर इतक्या सहज सरकतात की दागिना रोजच्या वापरात वाकतो. सोन्याच्या आणि चांदीच्या अणूंचा आकार जवळजवळ सारखा, तांब्याचा अणू मात्र सुमारे ११ टक्क्यांनी लहान. तो मांडणीत नीट बसत नाही, आजूबाजूला ताण निर्माण करतो आणि सरकणाऱ्या दोषरेषांना अडवतो. म्हणून सोन्याला घट्टपणा आणण्यात चांदीपेक्षा तांबे अधिक उपयोगी पडते.

कासारी बाजारातली कल्हई

पितळेच्या पातेल्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या घरांतल्या बायकांनी कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय ओळखले होते. ताकातले आम्ल तांब्याचे क्षार विरघळवून घेते. ते चवीला वाईट आणि पोटाला अपायकारक. त्यावरचा उपाय कल्हई.

कल्हईवाल्याचे काम काही मिनिटांचे, पण त्यात रसायनशास्त्र ठासून भरले आहे. आधी भांडे घासून लख्ख करायचे. भात्याने फुललेल्या निखाऱ्यांवर ते चांगले तापले की आत नवसागराची चिमूट टाकायची. पांढरा धूर उठतो, नाकाला झोंबतो. लगेच कथलाची कांडी टेकवायची आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने भांड्याच्या आतून फिरवायचे. काळवंडलेले भांडे डोळ्यांदेखत आरशासारखे होते.

यात नवसागर नुसता मदतनीस नाही; त्याच्याशिवाय काम होतच नाही. तापलेल्या तांब्या-पितळेवर हवेतला ऑक्सिजन लगेच ऑक्साइडचा पापुद्रा चढवतो. त्या पापुद्र्यातले अणू आधीच ऑक्सिजनशी बांधलेले असतात, म्हणून त्यावर कथील चिकटत नाही, थेंब होऊन घरंगळते. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. उष्णतेने त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. हायड्रोजन क्लोराइड ऑक्साइडला खाऊन टाकतो आणि उघडा धातू वर येतो. वर गेलेले वायू गार होताच पुन्हा एकत्र येऊन नवसागराचे बारीक कण होतात. तोच तो पांढरा धूर. आता २३२ अंशांना वितळलेले कथील आणि स्वच्छ तांबे समोरासमोर येतात. दोन्हींचे इलेक्ट्रॉन मोकळे, म्हणून सांध्यावर खरा धात्विक बंध जुळतो आणि तांबे-कथलाच्या संयुगाचा एक पातळ थरही तयार होतो. म्हणूनच चांगली कल्हई रंगासारखी सोलून निघत नाही, हळूहळू झिजते. कथील मात्र शुद्ध हवे; शिसे मिसळलेल्या कथलाची कल्हई अन्नाच्या भांड्याला कधीही करू नये.

बिदरी: काळे आणि पांढरे

नवसागर आणखी एका कामात भेटतो. बिदरी ही मूळ बीदरची कला. छत्रपती संभाजीनगरातही तिचे कारागीर आहेत. काळ्याभोर भांड्यावर चांदीची वेलबुट्टी, ही तिची ओळख. भांड्याचा धातू म्हणजे जस्तात थोडे तांबे. सोळास एक असे प्रमाण साधारणपणे सांगितले जाते. भांडे ओतून घडवतात, ठोकून नाही. जस्त ठोकायला गेले तर तडकते.

जस्तातला बंधही धात्विकच, मग ते चांदीसारखे का पसरत नाही? कारण बंधाइतकीच मांडणी महत्त्वाची. चांदीच्या अणूंची रचना अशी की स्फटिकात चार वेगवेगळ्या दिशांच्या प्रतलांवर थर सहज सरकू शकतात. जस्ताची मांडणी षट्कोनी. तिथे सहज सरकण्यासारखे प्रतल मुख्यतः एकाच दिशेचे. घाव दुसऱ्या बाजूने आला की सरकायला वाट नाही, म्हणून धातू फुटतो. जस्त सुमारे १०० ते १५० अंशांपर्यंत तापवले तर आणखी वाटा खुल्या होतात आणि मग त्याचा पत्रा लाटता येतो.

ओतलेले भांडे घासून त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवतात. पृष्ठभाग तात्पुरता काळा पडतो आणि छिन्नीने कोरलेली रेघ उठून दिसते. कोरलेल्या खाचेत चांदीची तार किंवा पत्रा बसवून हलक्या हातोडीने ठोकतात. मऊ चांदी खाचेच्या कोनाकोपऱ्यांत पसरते आणि तिथे अडकून बसते. इथे रासायनिक बंधाची गरजच पडत नाही. चांदी पसरते आणि जस्त पसरत नाही, या फरकावरच सगळे काम तोलले आहे.

शेवटी भांडे किंचित तापवून बीदरच्या किल्ल्यातल्या जुन्या भिंतींकडची सोरायुक्त माती आणि नवसागर यांचा लेप लावतात. मिश्रधातूच्या पृष्ठभागाची त्याच्याशी अभिक्रिया होऊन तो कायमचा काळा होतो. हा रंग यायला ते थोडेसे तांबे लागतेच. निव्वळ जस्तावर तो चढत नाही. चांदी जस्तापेक्षा कितीतरी कमी क्रियाशील, म्हणून ती या लेपाला दाद देत नाही आणि पांढरी राहते. एकाच लेपाखाली दोन धातूंचे दोन स्वभाव शेजारी शेजारी उघडे पडतात.

इमरतीचा पाक

हे शहर इमरतीसाठी नावाजलेले आहे आणि इमरतीचे यश पाकावर. साखरेचा रेणू कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या ४५ अणूंचा. हे अणू इलेक्ट्रॉनच्या जोड्या वाटून घेऊन एकमेकांना धरतात; हा सहसंयुज बंध. तो भक्कम आणि दिशाबद्ध असतो. हिऱ्यात प्रत्येक कार्बन चार शेजाऱ्यांशी असाच जोडलेला असतो, म्हणून हिरा एवढा कठीण. ग्राफाइटमध्ये तो तिघांशी जोडून सपाट थर करतो. थरातले दोन अणू ०.१४२ नॅनोमीटर अंतरावर, तर दोन थर ०.३३५ नॅनोमीटर अंतरावर. थरांना धरणारे बल दुबळे, म्हणून पेन्सिल कागदावर उमटते.

रेणूच्या आतला बंध वेगळा आणि रेणू-रेणूंमधला वेगळा, हे पाकात छान दिसते. साखरेच्या रेणूवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या आठ जोड्या असतात. त्या पाण्याच्या रेणूंशी हायड्रोजन बंध, म्हणजे एका रेणूतल्या हायड्रोजनची दुसऱ्या रेणूतल्या ऑक्सिजनकडची ओढ, जुळवतात, म्हणून साखर पाण्यात इतकी विरघळते: १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम, तर मीठ जेमतेम ३६ ग्रॅम. हायड्रोजन बंध सहसंयुज बंधाच्या मानाने फार दुबळा. पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४६० किलोज्यूल लागतात, तर दोन रेणूंमधला हायड्रोजन बंध तोडायला २० च्या आसपास. पण असे असंख्य बंध एकदम लागले की त्यांची ताकद जाणवते. पाक उकळत जातो, पाणी उडते, साखरेचे रेणू एकमेकांच्या जवळ येऊन आपापसांत बंध जुळवू लागतात आणि पाक बोटांत तारेसारखा ओढला जातो. हलवाई एकतारी, दोनतारी म्हणतो ते या बंधांचेच माप आहे.

पाकाची पुन्हा साखर होऊ नये म्हणून त्यात लिंबू पिळतात. इथे मात्र सहसंयुज बंध तुटतो: आम्लामुळे साखरेच्या काही रेणूंचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. हे वेगळ्या आकाराचे रेणू मध्ये आले की स्फटिकाची मांडणी जमत नाही.

पूजासाहित्याच्या दुकानातला कापूर हे रेणू-रेणूंमधल्या बंधांचे दुसरे टोक. त्याच्या रेणूच्या आतले बंध पक्के, पण रेणूंना एकमेकांशी बांधणारे हायड्रोजन बंध नाहीत; आहे ती फक्त व्हॅन डर वाल्स बलाची हलकी ओढ. ती खोलीच्या उष्णतेलाही पुरी पडत नाही. म्हणून कापूर न वितळता थेट वाफ होऊन उडतो. यालाच संप्लवन म्हणतात. कापराची डबी घट्ट झाकणाचीच हवी.

रंग पक्का कधी होतो

हिमरू ही या शहराची विणकाम परंपरा सुती ताण्यावर रेशमी नक्षी विणते. सूत आणि रेशीम दोन्ही धागेच, पण रसायनाच्या दृष्टीने दोन निराळ्या जगांतले. सूत म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजच्या हजारो कड्यांची साखळी. रेशीम म्हणजे प्रथिन. त्यामुळे रंगाऱ्याला दोघांना एकाच पद्धतीने रंगवून चालत नाही.

रेशमाच्या साखळीवरचे अमिनो गट आम्लयुक्त पाण्यात धनप्रभारित होतात आणि ऋणप्रभारित रंगरेणूंना ओढून घेतात. हा आयनिक बंध. सुतावर असे गट नसतात. काही रंग सुतावर नुसत्या हायड्रोजन बंधांनी आणि व्हॅन डर वाल्स बलांनी टेकतात. ते धुण्यात उतरतात. जुन्या रंगाऱ्यांनी यावर तुरटीचा तोडगा काढला होता. तुरटीतले ॲल्युमिनियम एका बाजूने धाग्याला आणि दुसऱ्या बाजूने रंगाला धरते. १९५६ मध्ये प्रोसिऑन नावाचे रंग बाजारात आले आणि रंगरेणू थेट सेल्युलोजशी सहसंयुज बंधाने जोडता येऊ लागला. आज सूत रंगवताना शेवटी धुण्याचा सोडा घालतात तो यासाठीच. सोड्याच्या अल्कलीमुळे सेल्युलोजवरचे ऑक्सिजन अणू क्रियाशील होतात आणि रंगाशी कायमचे जोडले जातात. पक्का रंग म्हणजे रंगाचा रेणू आता धाग्याच्या रेणूचाच भाग झालेला असतो.

पण जो सोडा सुताचा रंग पक्का करतो, तोच रेशमाला मारक. तीव्र अल्कलीने प्रथिनाच्या साखळीतले दुवे तुटतात, धागा निस्तेज होतो, विरतो. ब्लीचचेही तेच. हिमरूची शाल किंवा पैठणी सोड्यात किंवा ब्लीचमध्ये कधीही घालू नये.

वर्गाबाहेरचा धडा

आपल्या अकरावीच्या रसायनशास्त्रात रासायनिक बंधांवर स्वतंत्र प्रकरण आहे, दहावीच्या विज्ञानात धातुविज्ञान आहे. बहुतेक मुले व्याख्या पाठ करतात, तक्ते काढतात आणि परीक्षेनंतर विसरतात. यात मुलांचा दोष नाही. ज्या गोष्टींबद्दल ते वाचतात, त्या त्यांच्या हाताखालून कधी गेलेल्याच नसतात. मिठाचा खडा फोडून पाहणे, तांब्याची तार वाकवून ताठर करणे आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली तापवून पुन्हा मऊ करणे, सुती आणि रेशमी चिंधी एकाच रंगात बुडवून फरक नोंदवणे, यांना ना मोठी प्रयोगशाळा लागते ना खर्च.

या शहरातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की बंधांचा पाठ शिकवायच्या आठवड्यात वर्ग एकदा गुलमंडीत न्यावा. चांदीला ताव देणारा, कल्हई करणारा, पाकाची तार पाहणारा आणि रंग उकळणारा माणूस आपल्या कामाची कारणे पुस्तकी भाषेत सांगणार नाही. पण काय केले की काय होते, हे तो अचूक दाखवेल. कारण शोधून सांगणे हे वर्गाचे काम. हे कारागीर आता थोडे उरले आहेत. त्यांचे हात चालू आहेत तोवर मुलांनी ते पाहिले पाहिजेत आणि जे पाहिले ते वहीत लिहून ठेवले पाहिजे.